वाचक विचारतात : लीद उचलायची कोणी, कशी, आणि मग तिचं करायचं काय?

सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा घेऊन येणारे शेतकरी, वरातीसाठी घोडी पाळणारे, तलावाकाठी लहान मुलांना फेरी मारून आणणारे आणि हौसेने रोज रपेट करणारे तरुण, या सगळ्यांची वाट आणि सकाळी पायी फिरणाऱ्यांची वाट खान्देशात बहुतेक ठिकाणी एकच असते. त्या वाटेवर पडणाऱ्या लिदीबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरं पशुवैद्यक आणि घोडे पाळणाऱ्या जाणकारांनी मिळून दिली आहेत.

आमच्याकडे तलावाला वळसा घालणारा ट्रॅक आहे. पहाटे माणसं चालतात, त्याच वेळी तीन-चार जण घोडे घेऊन येतात. लीद पडते आणि ते तसेच पुढे निघून जातात. विचारलं तर बठ्ठा म्हनतस, ‘लीद म्हनजे खतच, दोन दिवसात वाळी जाई.’ ती उचलण्याची जबाबदारी नक्की कोणाची? — एक वाचक, धुळे

ज्याच्या हातात लगाम, त्याची. घोडा भाड्याचा असो, मित्राचा असो की मालकाने मोतद्दाराच्या हाती फेरीसाठी दिलेला असो, त्या वेळी जो घोडा चालवतोय त्याने लीद उचलायची किंवा उचलली जाईल अशी सोय आधीच करायची.

‘वाळून जाते’ हे अर्धंच खरं आहे. वैशाखात, कोणी पाय न लावलेली लीद एक-दोन दिवसांत वाळते, हे कबूल. पण चालत्या ट्रॅकवर तिला पाय न लागता राहायला कोण देणार? ताज्या लिदीत साधारण पाऊण हिस्सा पाणी असतं. पहिला बूट पडला की ती चपटी होते, सायकलचं चाक तिला दहा-पंधरा फूट ओढत नेतं आणि मग ती उचलता येत नाही, खरवडावी लागते. घोडा गाई-म्हशीसारखा रवंथ करत नाही. त्याचा चारा मोठ्या आतड्यात आंबतो, त्यामुळे लिदीत न पचलेल्या बारीक काड्या भरपूर राहतात. त्या वाळल्या की त्यांचा भुगा धुळीबरोबर उडतो. दम्याच्या माणसाला पहाटे चालताना तोच त्रास देतो. पावसाळ्यात उलटं होतं : पेव्हर ब्लॉकवर लिदीचा पातळ थर बसतो आणि ओल्या शेवाळावरून घसरावं तसा पाय सरकतो. साठी-सत्तरीच्या माणसाला असं पडणं महागात जातं.

माश्यांचा हिशोब वेगळाच. घरमाशी ताज्या लिदीवर काही तासांत अंडी घालते, ती दिवसभरात फुटतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ७ ते १० दिवसांत नवी माशी उडते. म्हणजे लीद वरून वाळेपर्यंत आतल्या ओलाव्यात पुढच्या आठवड्याच्या माश्यांची तयारी झालेली असते.

आमचं मत स्पष्ट आहे. डांबर, काँक्रीट किंवा पेव्हरवर पडलेली लीद पूर्ण उचलली गेलीच पाहिजे, आणि त्याच फेरीत. जागेवर उतरणं शक्य नसेल तर घोडा बांधून लगेच परत या. ‘दुपारी बघू’ म्हटलेली लीद कोणी उचलत नाही.

घोडेस्वाराशी बोलायचं असेल तर मागून धावत जाऊन हाक मारू नका. घोड्याला थेट मागचं दिसत नाही, तो दचकून लाथ मारू शकतो. स्वाराला दिसाल असे पुढे, बाजूला उभे राहा, हात वर करा आणि घोडा थांबल्यावर बोला.

मी रोज सकाळी एकटा रपेटीला जातो. लीद उचलायला माझी ना नाही, पण प्रत्येक वेळी उतरायचं, घोडा धरायचा आणि वर फावडंही सांभाळायचं, हे जमवायचं कसं? — एक घोडेस्वार, शहादा

अर्धं काम घरीच उरकता येतं. तबेल्यातून बाहेर पडल्यावर, हालचाल सुरू झाली की पहिल्या १०-१५ मिनिटांत बहुतेक घोडे एकदा लीद टाकतात. म्हणून खोगीर घालण्याआधी घोडा अंगणात किंवा शेताच्या बांधावर दहा मिनिटं हाताने चालवा, लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी फिरवा. तिथे पडलेली लीद तुमच्याच उकिरड्यात जाते. ३५०-४०० किलोचा मारवाडी किंवा काठेवाडी घोडा दिवसाला अंदाजे १५ किलो लीद टाकतो, तीही ८ ते १२ वेळा. तासाभराच्या रपेटीत एक खेप, फार तर दोन. त्यातली एक घरी उरकली की वाटेवरचं काम निम्मं झालं.

वाटेवर घोड्याकडे लक्ष असू द्या. लीद टाकण्याआधी तो चाल किंचित मंद करतो, पाठ थोडी ताठ करतो आणि शेपटीचं मूळ उचलतो. तेवढ्या पाच-सात सेकंदांत त्याला पायाच्या इशाऱ्याने कडेच्या मातीवर घ्यायचं. लगाम हिसकू नका. हिसका बसला की घोडा थांबतो, वळतो आणि लीद नेमकी रस्त्याच्या मध्यावर चार ठिकाणी पडते. तुमचा घोडा नर असेल तर आणखी एक गोष्ट होते : दुसऱ्या घोड्याची लीद दिसली की तो हुंगायला थांबतो आणि तिच्यावरच आपली टाकतो. एका जागी तीन घोड्यांचे ढीग साचतात ते यामुळेच. पहिल्याने उचलली असती तर पुढच्या दोघांनी तिथे टाकलीच नसती.

सामान फार लागत नाही. युरियाची ४५ किलोची रिकामी गोणी स्वच्छ धुऊन, वाळवून घ्या. ती मधोमध कापून उरलेली कड शिवली की रपेटीपुरत्या दोन पिशव्या होतात. एक पिशवी गुंडाळून खोगिराच्या मागच्या कड्याला बांधा. फावडं नेण्याची गरज नाही. लीद ताजी आणि गोळे अख्खे असतील तर पिशवी उलटी करून हातमोज्यासारखी घालायची, गोळे मुठीत धरायचे आणि पिशवी सुलटी करायची. दीड-दोन किलोची खेप तीन-चार मुठींत उरकते, हाताला काही लागत नाही. हिरव्या चाऱ्यामुळे पातळ झालेली लीद मात्र अशी उचलली जात नाही. तिच्यावर आधी कडेची दोन ओंजळ कोरडी माती टाका, मिनिटभर थांबा, मग पत्र्याच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याने मातीसकट भरा. तिच्यावर पाणी ओतायचं नाही. पाण्याने ती पसरते आणि पेव्हरच्या फटींत जाऊन बसते.

उतरल्यावर लगाम घोड्याच्या डोक्यावरून पुढे घ्या, डाव्या हातात धरा आणि घोड्याच्या खांद्याजवळ उभं राहून आधी त्याला एक पाऊल पुढे घ्या. लीद त्याच्या मागे राहते आणि तुम्हाला त्याच्या मागच्या पायांत वाकावं लागत नाही. लगामाचा फेरा मनगटाला कधीही मारू नका. घोडा बुजला तर हात निखळतो. ट्रॅकच्या रेलिंगला किंवा बाकाला घोडा बांधू नका, तो मागे ओढला की बाक उपटतो आणि पुढचा अपघात त्या बाकासकट होतो. चढायला उंच दगड किंवा ओटा लागत असेल तर ट्रॅकवर अशा दोन-तीन जागा आधीच हेरून ठेवा. घोडा धरून उभा राहत नसेल, सतत फिरत असेल, तर त्याला अजून गर्दीच्या ट्रॅकवर आणूच नका. शांत उभं राहणं ही शिकवायची गोष्ट आहे आणि ती घरच्या अंगणात शिकवता येते.

आमच्या दोन घोड्या वरातीला जातात. मंडपाच्या दारात, नवरदेव वर बसलेला असताना लीद पडली की लोक नाक मुरडतात. एकाने सांगितलं, आदल्या रात्रीपासून चारा-पाणी बंद ठेवा. ते चालेल का? पिशवी बांधायची तर कशी? — एक घोडीवाले, अमळनेर

चारा-पाणी बंद करू नका. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, पोटात चारा असो वा नसो. चार-सहा तास तोंडात काही गेलं नाही तर ते आम्ल जठराच्या वरच्या भागाला लागतं आणि जखमा होतात. पाणी तोडलं तर मोठ्या आतड्यातला चोथा सुकतो, अडतो आणि पोटशूळ उठतो. पोटशूळाने घोडा लोळतो, आतड्याला पीळ पडतो आणि रात्रीत जातो. लीद टाळण्यासाठी जनावर गमावण्याची ही वाट आहे. शिवाय उपाय लागूही पडत नाही, कारण खाल्लेला चारा बाहेर पडायला दीड ते तीन दिवस लागतात. आज रात्रीची लीद परवाच्या चाऱ्याची असते.

करायचं ते एवढंच : लग्नाच्या दोन-तीन दिवस आधीपासून चाऱ्यात बदल करू नका. नेहमीचं कोरडं गवत किंवा कडब्याची कुट्टी द्या, अचानक ओला घास किंवा लुसलुशीत हिरवी मका देऊ नका. लीद गोळीबंद राहिली की पिशवीतही नीट पडते आणि खाली पडलीच तर उचलता येते. डीजेच्या भिंतीसमोर आणि फटाक्यांत घोडी घाबरते, घाबरली की घडीघडी पातळ लीद टाकते. तिच्याही आणि तुमच्याही भल्यासाठी स्पीकरपासून जितकं लांब राहता येईल तितकं राहा, हे यजमानांना सुपारी घेतानाच सांगून ठेवा.

आता पिशवी. बग्गीची पिशवी सोपी : जाड ताडपत्री किंवा कॅनव्हासची, तोंड साधारण २ फूट रुंद, खोली दीड फूट, पुढची कड मागच्या कडेपेक्षा चार बोटं उंच. बग्गीच्या दोन दांड्यांना चार हूक लावून ती शेपटीच्या खाली एक वीत अंतरावर टांगायची. पाठीवर नवरदेव बसणार असेल तर पिशवी खोगिराला आणि दुमचीला, म्हणजे शेपटीखालून जाणाऱ्या पट्ट्याला, बकलाने जोडतात. दोन्ही बाजूंचे पट्टे मांडीच्या बाहेरून पुढे तंगाकडे, म्हणजे खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याकडे, घ्यायचे. शेपटी पिशवीच्या बाहेर, वर राहायला हवी. आत अडकली तर घोडी शेपटी दाबून धरते आणि लाथा झाडते.

घोडीची पिशवी आणि घोड्याची पिशवी एक नसते, इथे बरेच जण चुकतात. घोडा मूत्र पोटाखाली टाकतो. घोडी मागे टाकते, म्हणजे नेमकं पिशवीत. ताडपत्रीच्या बंद पिशवीत ते साचतं, ओझं वाढतं, मांड्यांना लागून कातडी सोलते आणि वास असह्य होतो. घोडीच्या पिशवीचा तळ नायलॉनच्या बारीक जाळीचा शिवा. लीद राहते, पाणी गळून जातं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. चार-पाच किलोची पिशवी चालताना झुलते आणि मागच्या पायांवर आपटते.

आणि लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा पिशवी बांधू नका! पहिल्या दिवशी ती फक्त दाखवा, हुंगू द्या, मानेला-पाठीला घासा. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीचा आवाज ऐकवा आणि मांड्यांवरून फिरवा. तिसऱ्या दिवशी रिकामी बांधून हाताने चालवा, चौथ्या दिवशी आत दोन किलो कडबा भरून. घोडी कान मागे पाडत नाही, शेपटी दाबत नाही असं झालं की पुढे जा. एखादीला यासाठी पंधरा दिवस लागतात, लागू द्या.

मुलगा ट्रॅकवर सायकलवरून पडला. गुडघा खरचटला आणि जखमेला लीद लागली. घरी डेटॉलने पुसलं. पुढे काही करावं लागेल का? — एक आई, जळगाव

हो, आजच डॉक्टरांकडे जा आणि लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात सहज आढळतात, लिदीतून मातीत जातात आणि बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षं टिकतात. अँटिसेप्टिकने वरवर पुसून ते निघत नाहीत. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पाच मिनिटं तरी धुवा, आतली माती आणि काडीचे कण निघेपर्यंत. हळद, चुना, राख, तंबाखू काहीही भरू नका. हवा बंद झालेली, घाण भरलेली जखम हीच या जंतूंना मानवणारी जागा.

आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणे मुलाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसांनंतर १६ ते २४ महिने आणि ५ ते ६ वर्षं या वयात बूस्टर मिळतो, मग १० आणि १६ व्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस. मळकी जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर डॉक्टर पुन्हा एक डोस देतात. डोस अपुरे असतील तर लसीसोबत तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागू शकतं. जबडा आखडणं, गिळताना त्रास, मान ताठ होणं यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा.

लिदीतले जंत मुलाला होतील अशी भीतीही अनेकांना वाटते. घोड्याच्या पोटातले नेहमीचे गोलकृमी माणसाच्या शरीरात वाढत नाहीत, त्याची चिंता नको. पण हात धुतल्याशिवाय खाऊ नये, हे आहेच.

आमचा कुत्रा ट्रॅकवरची लीद खातो. सवय मोडत नाही. धोका आहे का? — एक वाचक, नंदुरबार

एरवी फारसा नाही, पण घोड्याला नुकतंच जंताचं औषध दिलेलं असेल तर आहे. घोड्यांना सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन बरंचसं लिदीतूनच बाहेर पडतं, पहिल्या चार-पाच दिवसांत सर्वांत जास्त. कोली आणि त्या वळणाच्या काही जातींच्या कुत्र्यांत हे औषध मेंदूपर्यंत पोचतं. लाळ गळणं, झोकांड्या, बाहुल्या मोठ्या होणं, थरथर अशी लक्षणं दिसतात. दिसली तर पशुवैद्यकाला ‘घोड्याची लीद खाल्ली आहे’ हे आधी सांगा. कुत्रा साखळीवर ठेवा.

घोडेवाल्यांसाठी : जंताचं औषध दिल्यावर आठवडाभर घोडा सामाईक ट्रॅकवर आणू नये हे बरं. त्या दिवसांतली लीद शेणकिड्यांनाही मारक असते आणि शेणकिडे नसले की लीद फुटत नाही, तशीच पडून राहते.

ट्रॅकवरची आणि शेजारच्या दोन तबेल्यांची लीद मला फुकट मिळू शकते. केळीला चालेल का? ताजीच टाकली तर? — एक केळी उत्पादक, रावेर

चालेल, आणि चांगली चालेल, पण ताजी नको. ताज्या लिदीची तक्रार तीन ठिकाणी येते. एक, ती खोडाजवळ तापते आणि कोवळी मुळं भाजतात. दोन, तिच्यात गाजरगवत आणि वेड्या बाभळीचं बी जिवंत असतं. घोडा रवंथ करत नसल्याने बी दुसऱ्यांदा चावलं जात नाही, अख्खं बाहेर येतं. तीन, कच्च्या खतात हुमणीच्या आणि इतर भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात आणि ट्रॉलीबरोबर थेट बागेत उतरतात. चांगलं तापलेलं खत या तिन्हींवर उपाय आहे.

ढीग एकदम लावा. रोज एक घमेलं टाकत गेलात तर तो कधीच तापत नाही, कोमट राहतो आणि माश्या होतात. ५ फूट रुंद, ४ फूट उंच आणि निदान ६ फूट लांब एवढा माल साठला की तापायला सुरुवात होते. एका घोड्याच्या लिदीवर तेवढा माल जमायला दीड-दोन महिने जातात, म्हणून तीन-चार घोड्यांची लीद एकत्र करा आणि तोवर ती पातळ पसरून वाळत ठेवा.

निव्वळ लिदीत कर्ब आणि नत्राचं प्रमाण ३० ला १ च्या आसपास असतं, म्हणजे कुजायला जसं हवं तसंच. बिघडतं ते तबेल्यातल्या लाकडी भुश्यामुळे. भुसा जास्त असेल तर ढीग तापत नाही, महिनोन्‌महिने तसाच पिवळा राहतो. अशा वेळी टनाला ४-५ किलो युरिया पाण्यात विरघळवून थराथरांवर शिंपडा, किंवा गाईच्या शेणाचा काला वापरा. तुमच्याकडे कापणीनंतरची केळीची खोडं असतातच. त्यांचे वीतभर तुकडे करून दोन दिवस उन्हात टाका आणि तीन पाट्या लिदीला एक पाटी याप्रमाणे थर द्या. न वाळवता टाकलीत तर खोडातल्या पाण्याने ढीग दबतो, आत हवा राहत नाही आणि आंबूस वास सुटतो.

ओलावा मुठीत पाहायचा. मूठ दाबली की एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये, आणि मूठ उघडल्यावर गोळा लगेच सुटून पडू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा ढिगाची वरची वीत दोन दिवसांत कोरडीठाक होते आणि त्या थरातलं बी तसंच जिवंत राहतं. वर केळीची पानं किंवा जुनी ताडपत्री टाका आणि ढीग सावलीत लावा.

आतली उष्णता ५५ ते ६५ अंश हवी. थर्मामीटर नसला तर लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी ओढून काढा. टोक हातात धरवत नसेल तर ठीक चाललं आहे. नुसती कोमट लागली तर हवा, पाणी किंवा नत्र यांतलं काहीतरी कमी आहे. पंधरा दिवस ५५ अंशांच्या वर आणि त्या काळात पाच वेळा उलथापालथ, हे बी आणि जंतांची अंडी मारण्याचं मान्य माप आहे. उलथताना बाहेरचा माल आत गेलाच पाहिजे, सगळा फायदा त्यातच आहे. त्यानंतर दोन-अडीच महिने मुरू द्या. ढीग निम्म्यावर येतो, रंग काळपट होतो, लिदीचा वास जाऊन मातीचा येतो. मग झाडाला १० किलोपर्यंत, खोडापासून हातभर लांब आळ्यात द्या.

गांडूळखत करायचं असेल तर आधी हीच लीद तापू द्या आणि पूर्ण निवल्यावर गांडुळं सोडा. गरम ढिगात ती मरतात.

ट्रॅकवरची लीद मात्र निवडून घ्या. गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं, काच आणि दुधाच्या पिशव्यांचे कोपरे तिच्यात हमखास येतात आणि एकदा कुजलेल्या खतात गेले की बागेत पायाला लागेपर्यंत दिसत नाहीत.

सारंगखेड्याच्या यात्रेत सफाईच्या कामाला आमचं मंडळ मदत करू इच्छितं. इतक्या घोड्यांच्या लिदीचं नियोजन कसं करावं? — मंडळाचे एक कार्यकर्ते, शहादा तालुका

दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या दर्शनाला येणारी माणसं आणि घोडेबाजारात येणारी जनावरं तापीकाठच्या त्याच रस्त्यांवरून जातात, आणि दर्शनाचे कित्येक भाविक अनवाणी असतात. म्हणून सर्वांत आधी मंदिराकडे जाणारा पट्टा हाती घ्या, बाजाराचं मैदान त्यानंतर.

हिशोब शंभर घोड्यांचा करा. शंभर घोडे रोज दीड टन लीद टाकतात. तिच्यात पायाखाली गेलेला कडबा आणि अंथरलेलं गवत मिळवलं की १०० घोड्यांमागे दिवसाला एक ट्रॅक्टर-ट्रॉली धरून चाला. उचल दोनदा हवी : सकाळची चंदी-चारा झाल्यावर आणि अंधार पडण्याआधी. दावणीच्या रांगांमध्ये ट्रॉली जाईल एवढी, निदान १० फुटांची वाट पहिल्याच दिवशी चुन्याने आखून घ्या. नंतर तंबू पडले की ट्रॉली आत शिरत नाही आणि सगळी लीद डोक्यावरून वाहावी लागते. प्रत्येक २५ घोड्यांमागे दोन घमेली, एक दाताळं, एक खराटा आणि एक माणूस पुरतो. लीद उचलायला फावड्यापेक्षा दाताळं बरं, माती खाली गळून जाते आणि ओझं कमी होतं.

साठवणीची जागा नदीच्या पाण्यापासून ५० मीटर तरी लांब आणि उतार नदीकडे नसलेली निवडा. उताराच्या बाजूला हातभर उंच मातीचा बांध घाला. पाण्यात उतरलेली लीद शेवाळ वाढवते आणि त्याच पाण्यावर जनावरं पितात. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांना आधीच कळवा, रोजच्या रोज ट्रॉल्या शेतात गेल्या तर साठवणीचा प्रश्नच मिटतो. प्लास्टिकसाठी वेगळी पिंपं ठेवा. प्लास्टिक मिसळलेली लीद कोणी फुकटही नेत नाही. लीद पेटवू नका, ओली लीद दिवसभर धुमसते आणि धूर घोड्यांच्या छातीत जातो.

एक गोष्ट अजिबात सैल सोडू नका. नाकातून घट्ट पिवळट स्राव, अंगावर गाठी आणि फुटणारे व्रण, ताप असा घोडा दिसला तर त्याला लगेच वेगळा काढा आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा संशय असू शकतो. तो माणसालाही होतो, २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली त्याची खबर देणं बंधनकारक आहे आणि तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. अशा घोड्याची लीद, गवत, पाण्याची बादली यांतलं काहीही सामाईक ढिगात जाऊ देऊ नका. अधिकारी येईपर्यंत हात लावू नका. त्यांच्या देखरेखीखालीच ते जाळतात किंवा चुना टाकून खोल पुरतात.

तोरणमाळच्या बाजूला मातीच्या डोंगरवाटांवर घोड्याने जायचं आहे. तिथेही लीद गोणीत भरून खाली आणायची का? — एक वाचक, तळोदा

गरज नाही. कच्च्या डोंगरवाटेवर लीद वाटेवरून बाजूला सारून काठीने पातळ फिसकटायची, एक-दोन बोटांपेक्षा जाड थर नको. पातळ थर उन्हात वाळतो आणि माशीच्या अळ्या मरतात, ढीग मात्र आतून ओला राहतो. यशवंत तलाव, झरे, नाले यांच्यापासून ३० मीटरच्या आत हे करायचं नाही. तिथली लीद गोणीत भरूनच आणायची. लोक जिथे डबा खायला बसतात, गावात जिथे वस्ती आहे, तिथलीही. घोडा विसाव्याला बांधता तिथे तासाभरात बरीच लीद साचते, निघताना ती पसरून खड्डे बुजवा.

जंगलात खरा धोका बियांचा. रस्त्याकडेचं गाजरगवत मिसळलेला चारा खाऊन आलेला घोडा ते बी वर नेऊन टाकतो. निघण्याआधी तीन दिवस निवडलेलं, स्वच्छ गवत किंवा कडबाच द्या आणि बरोबरही तोच न्या. यावलसारख्या अभयारण्यात घोडा न्यायचा तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

घोड्याला सायकलवरून ओलांडताना घंटी वाजवावी की नाही? — एक सायकलस्वार, चाळीसगाव

वीस-पंचवीस मीटर लांबून एकदा वाजवा, मग बोला. माणसाचा आवाज घोडा ओळखतो. जवळ जाऊन अचानक वाजवलेली घंटी त्याला बुजवते. परदेशात सामाईक वाटांवर रूढ नियम असा आहे : सायकलने सर्वांना वाट द्यायची, पायी चालणाऱ्याने घोड्याला. आपल्याकडेही तोच पाळावा.

आमच्या मॉर्निंग वॉक ग्रुपने घोडेवाल्यांशी भांडण्यापेक्षा सोय करून द्यायचं ठरवलं आहे. ट्रॅकवर काय ठेवावं? — एक वाचक, भुसावळ

घोडे ट्रॅकवर जिथून शिरतात तिथे एक आणि साधारण अर्ध्या वाटेवर एक, असे दोनशे लिटरचे झाकणाचे ड्रम पुरतात. तळाला चार-पाच भोकं पाडा आणि दोन विटांवर ठेवा, नाहीतर पाणी साचून पत्रा सडतो. शेजारी लांब दांड्याचं फावडं आणि खराटा साखळीने बांधा. साखळी सहा-सात फुटांची हवी, आखूड असली तर कोणी वापरत नाही. एका पिंपात कोरडी माती भरून ठेवा. ड्रमवर ‘फक्त लीद’ असं ठळक रंगवा, त्यात चहाचे कप पडू लागले की खतवाला येणं बंद होतं.

ड्रम आठवड्याच्या आत, उन्हाळ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी रिकामा झाला पाहिजे, म्हणजे माशीचं पिढीचक्र पुरं होत नाही. भरलेला ड्रम शंभर किलोच्या वर जातो, एकट्याने हलवू नका. तो नेण्यासाठी एखादा शेतकरी किंवा रोपवाटिकावाला ठरवून त्याचा वार पक्का करा. नगरपालिकेला पत्र देताना ड्रमची जागा, उचलण्याचा वार आणि नेणाऱ्याची संमती या तीन गोष्टी त्यात लिहा.